उत्तम वृद्धनिवासातला रोजचा दिवस: राहणाऱ्याच्या बाजूने काय काय बघावं?

धाकटी

आईला निवासात राहायला जाऊन आता आठ महिने झाले. वय ८१. डोकं लख्ख आहे, गुडघे आणि तोल मात्र गेलेत. घरात दोनदा पडली. दुसऱ्या वेळी दीड तास बाथरूममध्ये पडून होती आणि मी ऑफिसात. त्यानंतर तिनेच विषय काढला. हे आधीच सांगते, म्हणजे 'घरी का नाही ठेवलं' ही चर्चा इथे नको.

मी पाच ठिकाणं बघितली, सगळी वरच्या दर्जाची. सगळीकडे प्रशस्त लॉबी, ताजी फुलं, ग्रंथालय, सलून, छोटं चित्रपटगृह. मी वही घेऊन गेले होते. खोली केवढी, डॉक्टर कधी येतात, जेवण कोण बनवतं, एवढं विचारून आले. आता रोज संध्याकाळी आईशी बोलताना कळतं की विचारायला हवं होतं ते वेगळंच.

एक उदाहरण देते. सुरुवातीला आईला पहाटे साडेपाचला आंघोळीसाठी उठवत. आई जन्मभर आठनंतर आंघोळ करणारी. कारण काय, तर रात्रपाळीच्या मदतनीस सातला सुटतात आणि जाण्याआधी त्यांना ठरलेल्या आंघोळी उरकायच्या असतात. वाईट कोणीच वागत नव्हतं. गरम पाणी, मऊ टॉवेल, धरायला माणूस, सगळं होतं. वेळ तेवढी आईची नव्हती. आणि ती बोलेना, कारण 'त्या पोरी रात्रभर जागलेल्या असतात गं'. मला कळलं तिसऱ्या आठवड्यात, तेही ती दुपारी फोनवर बोलता बोलता झोपली म्हणून. केअर प्लॅनमध्ये, म्हणजे कोणती मदत कधी आणि कशी द्यायची त्या लेखी नोंदीत, 'आंघोळ आठनंतर' अशी ओळ लिहून घेतली आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. दोन दिवसांत! म्हणजे जमण्यासारखं होतंच, तिला कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

तर जे स्वतः तिथे राहतात, तिथे काम करतात, ज्यांचं कोणी तिथे आहे, त्यांनी लिहा. रोजच्या दिवसात कुठे अडतं? आधी काय विचारायला हवं होतं?

---

वाटसरू

वाचतोय. वडिलांसाठी शोध चालू आहे. पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी जायचंय, त्यामुळे धागा अगदी वेळेवर आला. प्रश्न सुचवा प्लीज.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे. २६ वर्षं झाली, त्यातली १४ अशाच निवासांमध्ये, बहुतेक रात्रीची ड्यूटी.

धाकटी, आंघोळीचं तुम्ही लिहिलंत ते शब्दशः खरं आहे. संस्थेचा दिवस ड्यूटीच्या बदलीभोवती फिरतो. आंघोळ, औषधं, जेवण, चादरी बदलणं, सगळं पाळी संपण्याच्या आत बसवायचं असतं. माणसं हातात भरपूर असली की राहणाऱ्यांच्या सवयी सांभाळता येतात, कमी असली की सगळे एका रांगेत. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: 'रात्री दोन वाजता या मजल्यावर किती माणसं असतात आणि त्यांच्याकडे किती खोल्या?' दिवसाचा आकडा सगळे आनंदाने सांगतात. रात्रीचा विचारा. आणि त्यातल्या प्रशिक्षित नर्स किती, तेही.

दुसरं, बेल. कॉल बेलचं बटण पलंगाशी असतंच. बाथरूममध्ये एक दोरी असते, ती जमिनीपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. पण लादी पुसताना दोरी मध्ये येते म्हणून कोणीतरी ती वर गुंडाळून गाठ मारून ठेवतं. मी नव्या ठिकाणी रुजू झाले की पहिल्या रात्री सगळ्या बाथरूममधल्या गाठी सोडते. तुम्ही बघायला जाल तेव्हा लॉबी राहू द्या, आधी दोरी बघा. बेल वाजल्यापासून माणूस खोलीत पोचेपर्यंत किती वेळ लागला, याची नोंद बहुतेक नव्या यंत्रणांमध्ये आपोआप होते. ती मागच्या महिन्याची दाखवा म्हणावं. चांगलं चाललेलं ठिकाण दाखवायला कचरत नाही.

रात्रीचं पडणं बहुतेकदा बाथरूमच्या वाटेवर होतं. झोपेतून एकदम उठून उभं राहिलं की रक्तदाब खाली जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर हे आणखी जपायचं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी उशिरा देत असतील तर डॉक्टरांना विचारून वेळ बदलता येते का बघा. इतक्याशा बदलाने रात्रीच्या दोन फेऱ्या वाचतात.

औषधांचं एक सांगून थांबते. निवासात औषधाच्या ठरलेल्या फेऱ्या असतात, ट्रॉली खोल्याखोल्यांतून फिरते. बऱ्याच गोळ्यांना पाऊण तास इकडेतिकडे चालतं. पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) लेव्होडोपा या गोळीला चालत नाही. ती अर्धा तास उशिरा मिळाली तरी काहींचं शरीर आखडतं, उठता येत नाही, घास गिळता येत नाही, आणि मग बघणाऱ्याला वाटतं आज यांचं लहरीपण चाललंय. घरच्या कोणाला पार्किन्सन्स असेल तर 'फेरी सोडून स्वतंत्र वेळेला गोळी द्याल का' हे लेखी घ्या.

---

वाटसरू

बाबांना पार्किन्सन्सच आहे. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. मनापासून आभार, ताई.

---

निवांत_ब्याऐंशी

मी स्वतः राहतो अशा ठिकाणी, तीन वर्षं होतील. पत्नीसह आलो होतो. ती दीड वर्षापूर्वी गेली. मुलांच्या बाजूने बरंच लिहिलं जातं, आत राहणाऱ्याने लिहिलेलं कमी दिसतं, म्हणून लिहितो.

खोली उत्तम आहे. खिडकी मोठी, बाहेर झाडं. माझी खुर्ची, माझं पुस्तकांचं कपाट आणू दिलं. ही परवानगी आहे का, ते जरूर विचारा. पलंग त्यांचा असला तरी चालतो, कारण तो वरखाली होणारा लागतोच. खुर्ची मात्र आपली हवी. दोन्ही बाजूंना हात असलेली, बसणं फार खोल नसलेली. मऊ सोफ्यात रुतून बसलं की आमच्या वयाच्या माणसाला दुसऱ्याने ओढून काढावं लागतं.

मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट दाराची. इथे दार वाजवतात, पण वाजवत वाजवतच आत येतात. टकटक आणि कडी एकाच वेळी. पहिले सहा महिने मी कपडे बदलताना बाथरूममध्ये जाऊन बदलत असे, स्वतःच्या खोलीत. शेवटी रहिवाशांच्या बैठकीत उभा राहून बोललो. 'वाजवा, आणि मी "या" म्हणेपर्यंत थांबा. ज्यांना ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही त्यांचं वेगळं, पण मला बोलता येतं.' त्यावर माझ्यामागे बसलेल्या चौघी जणी एकदम म्हणाल्या, आमचंही हेच. आता थांबतात. नवीन मुलगी आली की पुन्हा सांगावं लागतं, मी सांगतो.

दुसरी गोष्ट जेवणघराची. टेबलावरच्या जागा ठरलेल्या असतात. पहिल्या दिवशी जिथे बसवतात तीच पुढे वर्षभर राहते. शेजारी बसणाऱ्याशी आपलं जमलं तर तीन वेळचं जेवण सुखाचं, नाही तर माणूस हळूहळू 'मला खोलीतच ताट द्या' म्हणू लागतो. मग चालणं कमी, बोलणं कमी, भूकही कमी. आईवडील खोलीत जेवायला लागले तर 'आराम मिळतोय' असं समजू नका. टेबलावर कोण बसतं ते विचारा.

तिसरी गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. लिहितो.

इथे माणसं जातात. ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण आधी असं होतं की कोणी गेलं की रात्रीतून मागच्या दाराने नेत. सकाळी नाश्त्याला एक खुर्ची रिकामी, आणि विचारलं तर 'त्या आता इथे नाहीत' एवढंच. दुपारपर्यंत दारावरची नावाची पाटीही गेलेली. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून करत, हे कळत होतं. पण मग मनात यायचं, माझंही असंच होणार. पत्नी गेली तेव्हा मी व्यवस्थापकांना म्हटलं, ती या घरात पुढच्या दाराने आली होती, जाईलही पुढच्या दाराने. त्यांनी ऐकलं. सकाळी दहाला नेलं. लॉबीत तीसेक जण उभे होते, स्वयंपाकघरातलेही आले होते, एप्रनसकट. तेव्हापासून आमच्याकडे हीच पद्धत झाली आहे. ज्यांना नको असेल त्यांच्या घरच्यांना विचारतात.

प्रवेश घेताना हा प्रश्न कोणी विचारत नाही. विचारावा असं मला वाटतं.

---

धाकटी

काका, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'त्यांना सांग, माझ्याकडेही वाजवत वाजवत येतात.' मला आठ महिन्यांत हे माहीत नव्हतं.

---

गुण्या_ओळंबा

मी वास्तुरचनाकार. अशा तीन इमारतींच्या कामात होतो, त्यामुळे माझं लक्ष भिंती-जमिनीकडे जातं.

बाथरूमचं दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. आत उघडणारं असेल आणि माणूस दाराला टेकून पडला, तर बाहेरच्याला दार ढकलताच येत नाही. कमोडची बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच हवी, नेहमीची साधारण ४० ची असते. पाच-सात सेंटीमीटरमुळे स्वतःचं स्वतः उठता येतं की बेल वाजवावी लागते, हे ठरतं. आधाराच्या दांड्या भिंतीच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या हव्यात. पांढऱ्या टाइल्सवर पांढरी दांडी फोटोत सुंदर दिसते, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसतच नाही.

उजेडाचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. भिंगं पिवळी पडतात, बाहुली लहान होते. तुम्हाला 'छान मंद, हॉटेलसारखा' वाटणारा कॉरिडॉर तिथे राहणाऱ्याला अंधारा असतो. नेदरलँड्समध्ये १२ निवासांत दिवसभर दिवाणखान्यात सुमारे १००० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतका प्रखर उजेड ठेवून साडेतीन वर्षांपर्यंत निरीक्षण केलं होतं. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. प्रखर उजेडातल्या लोकांच्या स्मृतीची घसरण थोडी हळू झाली आणि उदासीही कमी आढळली. फरक मोठा नव्हता, पण दिव्यांनी एवढं होत असेल तर का सोडावं? रात्री मात्र उलट. बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत मंद पिवळसर दिवा, डोक्यावरची पांढरी ट्यूब नको.

आणि ती चकाकणारी संगमरवरी फरशी. कृपया त्यावर भाळू नका. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला चकाकी म्हणजे पाणी वाटतं आणि गडद पायपुसणं म्हणजे खड्डा. ती माणसं तिथे थबकतात किंवा ओलांडायला मोठं पाऊल टाकतात, आणि पडतात. मी एका कामात मालकांशी या फरशीवरून दोन महिने वाद घातला होता. हरलो. अजून रुखरुख आहे.

---

पिंपळपान

आमच्या अण्णांना स्मृतिभ्रंश होता. चार वर्षं होते ते अशा ठिकाणी. नाव घेणार नाही. महागडं होतं, आणि माणसं वाईट नव्हती.

अण्णांच्या श्रवणयंत्राची डबी पलंगाशेजारच्या खणात असे. एकदा जवळजवळ तीन आठवडे यंत्र कानात गेलंच नाही. सकाळची मुलगी नवी होती, तिला ठाऊकच नव्हतं की ते लावायचं असतं. त्या काळात नोंदवहीत काय लिहिलंय? 'संवाद कमी. सूचनांना प्रतिसाद देत नाहीत. आजार पुढे सरकल्यासारखा वाटतो.' मी भेटायला गेले, डबी उघडली, बॅटरी बदलली, कानात घातलं. अण्णा म्हणाले, 'अगं, कधी आलीस?' मी तिथे पलंगावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी मी एक कागद लॅमिनेट करून कपाटाच्या आतल्या बाजूला लावला. मोठ्या अक्षरात: कानातलं यंत्र उजवीकडे लाल खुणेचं, डावीकडे निळ्या. चष्मा वाचायचा वेगळा. दात रात्री पाण्यात. उजव्या कुशीवर झोपतात. 'अण्णा' म्हटलं की वळतात, आडनावाने नाही. शिक्षक होते, गणिताचे. पाढे म्हणायला लावले की शांत होतात. शेवटची ओळ फारच उपयोगी पडली. आंघोळीला विरोध करायचे तेव्हा मुली त्यांना सतराचा पाढा विचारायच्या आणि ते म्हणता म्हणता अंगावर पाणी घेऊ द्यायचे.

जेवणाचं एक. ताट, टेबल आणि अन्न एकाच फिकट रंगाचं असेल तर या आजारात ताटातलं नीट ओळखू येत नाही. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २००४ साली भडक रंगाच्या ताटा-पेल्यांचा प्रयोग केला होता. खाणं सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं आणि पिणं ८४ टक्क्यांनी. माणसं अगदी मोजकी होती, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. आम्ही अण्णांसाठी लाल ताट नेलं. पहिल्याच दिवशी ताट रिकामं झालं असं म्हणणार नाही, पण 'भरवावं लागतं' वरून 'स्वतः खातात, वेळ लागतो' इथवर आलो. आणि हो, वेळ लागतो म्हणून भरवून मोकळं होत नाहीत ना, ते बघा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

---

रात्रपाळी

पिंपळपान, तो कागद. प्रत्येक खोलीत असा कागद असता तर आमचं अर्धं काम सोपं झालं असतं. आमच्याकडच्या फायलीत आजारांची यादी असते, माणूस नसतो.

भरवण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्याला जोडून. १९६३ साली सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी रोजच्या सहा क्रिया मोजायची पद्धत मांडली: आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि खाणं. आजही जगभर प्रवेशाच्या वेळी तीच किंवा तिच्यासारखी तपासणी होते आणि किती मदत लागेल ते त्यावर ठरतं. पण घाईच्या पाळीत आम्ही जे काम माणसाच्या हातून काढून घेतो ते त्याला पुन्हा करता येईलच असं नाही. शर्टाची बटणं लावायला आजोबांना नऊ मिनिटं लागतात, मला एक. मी लावत राहिले तर तीन महिन्यांत त्यांची बोटं विसरतात. केअर प्लॅनमध्ये 'कपडे: मदत' असं न लिहिता 'बाह्या आपण घालाव्यात, बटणं ते स्वतः लावतात, वेळ द्या' असं लिहून घ्या.

---

मनाचिये_गुंती

मी मानसशास्त्र शिकवते. धाकटी, तुमच्या आंघोळीच्या गोष्टीवरून एक जुना अभ्यास आठवला. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका निवासात केलेला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा. प्रत्येकाला रोप निवडायला दिलं, 'काळजी तुम्ही घ्यायची'. चित्रपट कोणत्या दिवशी बघायचा तेही त्यांनीच ठरवायचं. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण 'पाणी नर्स घालतील', चित्रपटाचा वार सांगितला गेला. पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक उत्साही, अधिक मिसळणारे दिसले. दीड वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के आणि दुसऱ्यातले ३० टक्के वारले होते. गट लहान होते, त्यामुळे मृत्यूच्या आकड्यांवर पुढे आक्षेपही घेतले गेले. पण रोज काहीतरी स्वतः ठरवण्याने माणसात फरक पडतो, हे नंतरच्या कामांतूनही पुन्हा पुन्हा दिसलंय.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी त्यांना एक विचारते: काल तुम्ही दिवसभरात कितीदा 'नको' म्हणालात? निवासात भेटायला गेलात तर तिथल्या कोणाला 'नको' म्हणता येतं का ते बघा. नाश्ता उशिरा, आज भजनाला नाही, आज केस धुवायचे नाहीत.

---

वाटसरू

कराराबद्दल कोणी सांगेल का? चाळीस पानांचा मसुदा आलाय.

---

पिंपळपान

वाटसरू, आम्ही शिकलो ते थोडक्यात. प्रकृती ढासळली तर ठेवून घेणार की दुसरीकडे हलवा म्हणणार, आणि ते कोण ठरवणार, ते कलम पहिलं शोधा. रुग्णालयात भरती झाली तर खोली किती दिवस राखतात आणि त्या काळात किती आकारतात. अनामत रक्कम किती दिवसांत परत, कशाची कपात. 'सर्वसमावेशक' म्हणजे नेमकं काय: डायपर, फिजिओथेरपी, रुग्णालयात सोबत जाणारा माणूस, कपडे धुणं. आमच्याकडे यातलं निम्मं वेगळं लागलं. आणि सही करण्याआधी दोन आठवडे राहून बघण्याची सोय मागा. बहुतेक ठिकाणी असते. वडिलांना बरोबर घेऊन जा. त्यांना न दाखवता ठरवू नका.

कपड्यांवर नाव शिवून द्या, मोज्यांवरसुद्धा. मार्करने लिहिलेलं चार धुण्यांत जातं.

---

निवांत_ब्याऐंशी

वाटसरू, आणि बघायला जाल ते दुपारी चारला जा. अकरा वाजता सगळं मांडून ठेवलेलं असतं. चारला लोक झोपून उठलेले असतात, जेवणाला अवकाश असतो, कार्यक्रम संपलेला असतो. त्या वेळी सगळे टीव्हीसमोर ओळीने बसवलेले आहेत की कोणी कोणाशी बोलतंय, ते दिसेल. एखाद्या रहिवाशाशी व्यवस्थापक शेजारी नसताना बोला. मला कोणी विचारलं तर मी खरं सांगतो.

---

धाकटी

काल गेले होते. आधी बाथरूमची दोरी बघितली. गुंडाळलेली होती, माझ्या खांद्याच्या उंचीवर. आठ महिने मी त्या बाथरूममध्ये हात धुतेय. आईसमोरच सोडली आणि सफाईच्या मावशींना बोलावून दाखवलं. त्यांना ती कशासाठी असते हेच कोणी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्या स्वतःहून शेजारच्या दोन खोल्या बघून आल्या. एकीत गाठ होती.

मग आई आणि मी कपाटावरचा कागद लिहायला बसलो. मी लिहायला घेतलं तर म्हणाली, दे इकडे, माझ्याबद्दल आहे ना. हात थरथरतो, अक्षर वेडंवाकडं आलंय, तरी वाचता येतं. आंघोळ आठनंतर. खिडकी रात्री थोडी उघडी. गुडघ्याला हात लावण्याआधी सांगावे. 'आजी' म्हणू नये, ताई म्हणावे. पाचवी ओळ काकांची आहे: 'दार वाजवून, मी "या" म्हणेपर्यंत थांबावे.'

आम्ही चिकटपट्टी लावत होतो तेवढ्यात दार वाजलं. कडी हलली नाही. आईने माझ्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, 'या.'

---

निवांत_ब्याऐंशी

ताईंना माझा नमस्कार सांगा.